बंद दरवाजा आणि शैलाकाकू

शैलाकाकू बर्वे दारात आलेल्याला कधी 'या' म्हणायच्या नाहीत. 'आलात?' म्हणायच्या. डोळ्यांसमोर दिसतं तेवढंच बोलायचं, ही त्यांची खोडच होती. 'पाऊस येणार बहुधा' असं कुणी म्हणालं तर त्या खिडकीतून बाहेर बघायच्या आणि म्हणायच्या, "ढग आलेत. पाऊस अजून आलेला नाही."

मागच्या आठवड्यात बर्वेकाकांचा फोन आला. "शैला गेली," एवढंच म्हणाले. मी हॅम्बर्गच्या ऑफिसमध्ये होते. खाली बंदरात फेरीबोट लागत होती, मीटिंगची वेळ झाली होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र द्राक्षांच्या मळ्यावरचा तो गड आणि पिवळ्या दगडाची ती कमान उभी राहिली.

मी आणि माझा नवरा मंदार तेव्हा रेबेनाऊत राहायचो. स्टुटगार्टहून एस-बान, म्हणजे तिथली लोकल, धरायची, शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. आमच्या दोघांच्या नोकऱ्या गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांत. गाव लहान. तिन्ही बाजूंनी द्राक्षांचे उतार, मधोमध उभी टेकडी आणि टेकडीवर मध्ययुगातला गड. आमच्या वरच्या मजल्यावर बर्वे राहायचे. काका इंजिनांच्या कामासाठी तरुणपणी इथे आले ते राहूनच गेले. काकू मूळच्या साताऱ्याकडच्या, एका डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याला वाढलेल्या, लग्नाआधी शाळेत इतिहास शिकवणाऱ्या. इथे येऊन त्यांनी जर्मन शिकून घेतलं, परीक्षा दिली आणि गडावर गाइड झाल्या. गावातली माणसं 'बुर्ग' म्हणायची. काकू कायम 'गड' म्हणायच्या. 'उद्या गडावर आहे मी', 'गडावर वारा फार आज'. ऐकणाऱ्याला वाटावं, खाली नेकार नदीच्या ऐवजी कृष्णाच वाहतेय.

जाड सुती सलवार-कमीज, त्यावर शिकाऱ्यासारखं हिरवं जाकीट, पायात चढणीचे बूट आणि कपाळावर ठसठशीत कुंकू, असा त्यांचा अवतार. वाईनला त्या शिवायच्या नाहीत, पण वसंतात मळ्यातली कोवळी द्राक्षपानं आणून त्यांना बेसन लावून अळूवडीसारख्या वड्या करायच्या. चवीला थोड्या आंबट लागत. काकांचे मित्र ब्रॉयनिंग त्या डब्याने न्यायचे. हे ब्रॉयनिंग म्हणजे गावातले मोठे द्राक्षबागायतदार आणि गडाच्या मंडळाचे अध्यक्ष. उंचेपुरे, लालबुंद, आवाज डोंगराएवढा. काकांचे या देशातले एकुलते एक खरे मित्र. दर शुक्रवारी दोघं ब्रॉयनिंगच्या तळघरातल्या लाकडी टेबलाशी बसायचे. काकांचा एकच पेला, आणि तोही कधी संपायचा नाही. काकू त्यांना 'तुमचे सरदार' म्हणायच्या, कारण दर वर्षी द्राक्षांच्या काढणीनंतर गडावर जे नाटक व्हायचं, त्यात गडाच्या सरदाराचं काम ब्रॉयनिंग करायचे. आधी त्यांचे वडील करायचे, त्याआधी आजोबा.

नाटकाची गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगे. शत्रूची फौज गाव जाळत आली, गावकरी मळ्यांतून गडाकडे पळाले, आणि सरदाराने कुणाचंही न ऐकता दरवाजा उघडून सगळ्यांना आत घेतलं. नाटकाच्या शेवटी दरवाजा उघडला की बँड वाजायचा, आणि आतल्या चौकात सगळ्यांना वाईन मिळायची.

आमची लेक ईरा शाळेत जायला लागली त्या वर्षी मी पहिल्यांदा काकूंबरोबर गड पाहिला. दहापंधरा पर्यटक होते. मुख्य दरवाजाशी काकू थांबल्या. एका गृहस्थाला त्यांनी पुढे बोलावलं आणि कमानीच्या बाहेरच्या दगडावर हात ठेवायला लावला.

"रंग कोणता?"

"तांबूस."

"हा दगड मुळात पिवळा. मोठ्या आगीत भाजला की तांबडा होतो. आता इथे बघा." चौकटीला आतून एक खाच होती. दार लावलं की त्याची कड तिथे टेकायची. "इथला रंग?"

"पिवळाच."

"म्हणजे बाहेर आग लागली तेव्हा ही खाच झाकलेली होती. म्हणजे काय?"

ईरा माझ्या हाताला धरून उभी होती. ती पटकन जर्मनमध्ये म्हणाली, "दार बंद होतं."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', काकू म्हणाल्या. तेवढंच. पुढे चालायला लागल्या.

मला काही कळेना. उतरताना मी विचारलं, "काकू, पण मग नाटकात तर..."

"नाटक नाटकात. मी दगडाचं सांगितलं."

"मग लोकांना आत घेतलंच नाही?"

"ते दगड सांगत नाही. आग लागली तेव्हा दार बंद होतं, एवढंच सांगतो." मग म्हणाल्या, "पण दरवाजाखालच्या मळ्याचं नाव ठाऊक आहे ना? क्लागेबेर्ग. आक्रोशाची टेकडी. ब्रॉयनिंग त्याची वाईन विकतात, बाटलीवर नाचणारी पोरगी असते."

त्यांना हे बऱ्याच वर्षांपूर्वीच दिसलेलं होतं. पर्यटकांना सांगायच्या, ते माना डोलवून आपापल्या गावी जायचे. रेबेनाऊतलं कुणी स्वतःचा गड बघायला तिकीट काढून येत नाही, त्यामुळे गावाला पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो काढणीच्या दिवसांत. आम्ही सगळे ब्रॉयनिंगच्या मळ्यात द्राक्षं काढायला गेलो होतो. दुपारी उतारावरच लांब बाकं मांडून जेवण. शहरातून आलेले पाहुणेही होते. ब्रॉयनिंग खुशीत होते. त्यांनी पेला उंचावला आणि म्हणाले, "आमच्या शैलाला विचारा! ती भारतातून येऊन आमचा इतिहास आमच्यापेक्षा छान सांगते. शैला, सांग यांना, दरवाजा कसा उघडला ते."

काका समोर बसले होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं. मी ती नजर पाहिली. त्यात विनवणी होती. काकूंनी ब्रेडचा तुकडा ताटात ठेवला.

"दरवाजा उघडला नव्हता," त्या म्हणाल्या.

आधी लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. काकूंनी मग दगड, खाच, रंग, सगळं शांतपणे सांगितलं. ब्रॉयनिंगचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"हे तू गडावर सांगतेस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लोकांना? माझ्या गडावर?"

"दगडाला हात लावून सांगते."

त्यानंतर आम्ही द्राक्षं काढली, पण कुणी गाणं म्हटलं नाही.

आठवड्याभरात मंडळाने काकूंकडून गडाच्या किल्ल्या परत मागितल्या. द्यायला काकाच गेले. तळघरातल्या त्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी किल्ल्या ठेवल्या आणि परत आले. ब्रॉयनिंग बसा म्हणाले नाहीत. शुक्रवार आले आणि गेले. काका घरीच बसायचे, टीव्ही लावून, आवाज बंद ठेवून.

त्या थंडीत वरच्या मजल्यावरची भांडणं खाली ऐकू यायची. भांडणं म्हणजे आरडाओरडा नव्हे. एकदा मी साखर मागायला गेले आणि दारातच अडकले.

"पस्तीस वर्षं मी इथे मान खाली घालून राहिलो," काका म्हणत होते. "आपण राहायला आलोय शैला, लोकांचं खरंखोटं करायला नाही."

"अहो, मी खोटं काय सांगितलं?"

"मी खोटं म्हणतच नाहीये! खरं असेल. त्याने कुणाचं काय भलं झालं? माझा एक माणूस होता इथे. एकच. तोही गेला."

काकू माझ्या हातातल्या वाटीकडे बघून म्हणाल्या, "आलीस? साखर संपलीय आमचीही." डबा समोर भरलेला होता. दिसतं त्याच्या पलीकडचं बोललेलं मी त्यांच्या तोंडून तेवढंच ऐकलं.

काकांना नंतर मी एकदा विचारलं, काकू अशा पहिल्यापासूनच का? ते कडू हसले. "साताऱ्याला हिची शाळेतून बदली का झाली ते विचार तिला. गावच्या किल्ल्यावरच्या वीराची समाधी नंतरची आहे म्हणाली, तीही पुण्यतिथीला, स्टेजवरून."

काकू गडावर जातच राहिल्या. किल्ली नव्हती, तर दरवाजाच्या बाहेर उभ्या राहायच्या. कुणी विचारलं तर सांगायच्या. नाही विचारलं तर नुसत्या उभ्या. कुणीतरी त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं. मग स्टुटगार्ट, कार्ल्सरूहेची विद्यार्थी मंडळी यायला लागली, त्यांच्याबरोबर फोटो काढायला लागली. गावात दोन तट पडले. बेकरीत काकू शिरल्या की रांगेतली बोलणी थांबायची. एकदा त्यांच्या पत्रपेटीत कुणीतरी द्राक्षांचा चोथा भरून ठेवला. काकूंनी तो निमूट काढला, पेटी धुतली आणि काकांना सांगितलं नाही. मला जिन्यात धुताना दिसल्या म्हणून कळलं.

आणि वसंतात हाडं सापडली.

दरवाजाबाहेरची पायवाट दुरुस्त करायला खणत होते. आधी एक कवटी लागली, मग ओळीने सांगाडे. पुरातत्त्वाची माणसं आली, तंबू ठोकले. बातमी वाऱ्यासारखी पसरली: बंद दरवाजाबाहेर मेलेले गावकरी सापडले! विद्यार्थ्यांनी मेणबत्त्या लावल्या. लहान मुलांचीही हाडं आहेत म्हणे. ब्रॉयनिंग घराबाहेर पडेनासे झाले. क्लागेबेर्गच्या बाटल्या दुकानाच्या खिडकीतून कुणीतरी काढून ठेवल्या. मंदार म्हणाला, "काकू जिंकल्या." मलाही तसंच वाटलं, आणि आनंद झाला.

काकूंना खोदकाम बघायला खास बोलावलं होतं. त्या सकाळी गेल्या, दुपारी परतल्या. मी जिन्यात गाठून विचारलं, "काय दिसलं काकू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कठड्याला धरून वर गेल्या.

दोन दिवसांनी राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, सभा होती. सभागृह खच्चून भरलं होतं. एका बाजूला बाहेरून आलेली तरुण मंडळी, पत्रकार. दुसऱ्या बाजूला गाव. ब्रॉयनिंग पहिल्या रांगेत, कोट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून. चेहरा पार उतरलेला. महापौरबाईंनी ठराव वाचला: मेलेल्यांसाठी दरवाजाशी दगड उभारायचा, आणि नाटक कायमचं बंद करायचं. टाळ्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, "आणि ज्यांनी हे सत्य एकटीने लावून धरलं, त्या फ्राऊ बर्वे."

टाळ्यांचा कडकडाट. मागून कुणीतरी ओरडलं, "स्वतःच्या देशाचा इतिहास सांग म्हणावं हिला!"

काकू उभ्या राहिल्या. "तिथलाही सांगायचे," त्या म्हणाल्या. "तिथेही लोक असेच चिडायचे."

थोडे लोक हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाची कड धरली होती.

"ही हाडं त्या लोकांची नाहीत," त्या म्हणाल्या.

सभागृहात कुणाला काही कळेना.

"एका सांगाड्याचे पाय गुडघ्यापासून नाहीत. तिथे दरवाजाच्या भिंतीचा पाया आहे. पाया खणताना ते पाय तुटले. म्हणजे हे लोक मेले, त्यांना पुरलं, ते विसरले गेले, आणि नंतर कधीतरी ही भिंत बांधली. ज्या दरवाजाबाहेर ते मेले म्हणता, तो दरवाजा तेव्हा नव्हताच. हे कुठलं तरी जुनं स्मशान आहे. त्यांचा आपल्या भांडणाशी काही संबंध नाही."

कोपऱ्यात बसलेल्या पुरातत्त्वाच्या बाईंनी मान हलवली. "हे बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही तपासण्या पूर्ण झाल्यावर सांगणार होतो."

गावाच्या बाजूने कुणीतरी टाळी वाजवली. ब्रॉयनिंगनी मान वर केली. काकूंनी त्या टाळीच्या दिशेने हात केला, थांबा म्हणून.

"पण आग लागली तेव्हा दार बंद होतं," त्या म्हणाल्या. "तेही बरोबर आहे."

आणि खाली बसल्या. आता टाळी कुणाचीच नव्हती. विद्यार्थ्यांतली एक मुलगी, जी महिनाभर त्यांच्या मागेमागे फिरत होती, तिने जाताना काकूंना ऐकू जाईल असं 'घाबरली' म्हटलं. दोन्ही बाजू आम्हाला वळसा घालून बाहेर पडल्या. बाहेर काका कोट घेऊन उभे होते. ते सभेला येणार नाही म्हणाले होते. त्यांनी काकूंच्या खांद्यावर कोट घातला आणि म्हणाले, "चल." घराजवळ आल्यावर काका एकदम म्हणाले, "गप्प बसली असतीस तर जिंकली होतीस की."

"हो," काकू म्हणाल्या.

ठराव बारगळला. नाटक बंद झालं नाही. उन्हाळा गेला, काढणी झाली, तालमी सुरू झाल्या. ईराच्या वर्गाला गावातल्या पोरांची कामं मिळाली होती. गोणपाटाचा झगा घालून ती घरभर पळायची. मला हॅम्बर्गची नोकरी मिळाली होती. नाटक झालं की सामान हलवायचं होतं.

काकू नाटकाला कधी येत नसत. त्या वर्षी ईरासाठी आल्या, काकाही आले. आम्ही चढणीच्या कडेला, दरवाजाच्या अगदी जवळ उभे होतो. खाली ठरल्याप्रमाणे ओला पेंढा पेटवला. धूर मळ्यांतून वर चढायला लागला. ढोल सुरू झाले आणि गावकरी ओरडत वर धावत आले. सगळ्यांत पुढे पोरं, मागून मोठी माणसं. तटावर ब्रॉयनिंग उभे. त्यांनी हात उंचावला, आपलं वाक्य म्हटलं आणि दरवाजा उघडायला खाली उतरले.

दरवाजा उघडला नाही.

आधी वाटलं, अडसर अडकला असेल. ढोलवाले वाजवत राहिले. पोरं दारावर थापा मारायला लागली. तेही नाटकात होतंच. पण मागची माणसं चढतच होती, त्यांना पुढचं दिसत नव्हतं. चढण अरुंद, दोन्हीकडे दगडी कठडे. वारा फिरला आणि धूर कमानीत भरला. पुढे गर्दी दाटली. ढोल थांबले. आणि त्या शांततेत मला ईराचा आवाज आला. ती इतकी वर्षं आमच्याशी जर्मनच बोलायची.

"आई!" ती मराठीत ओरडली. "आई, दार!"

मी कठड्यावरून वाकले, पण पोचता येईना. मंदार गर्दीत घुसला आणि तिथेच अडकला. कुणीतरी 'ब्रॉयनिंगना झटका आला' असं ओरडलं.

माझ्या शेजारून हिरवं जाकीट गेलं. काकू कठड्यावर चढल्या, त्या वयात, दगडाला धरून सरकत थेट कमानीत उतरल्या, आणि पोरांना पाठीशी घेऊन दोन्ही मुठींनी दारावर मारायला लागल्या.

"उघडा!" त्या मराठीत ओरडत होत्या. "अहो उघडा! पोरं आहेत बाहेर! दार उघडा!"

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बाई रडत होती आणि मारत होती. मारत होती आणि ओरडत होती, आणि सगळ्या टेकडीवर तेवढाच आवाज होता.

अडसर सरकला. दोन्ही फळ्या आत गेल्या आणि माणसं लोंढ्यासारखी चौकात शिरली. मी धावले. ईरा मला कमानीच्या आत सापडली, काजळीने माखलेली, धडधाकट. पोरं खोकत होती, रडत होती, पण कुणाला काही झालं नव्हतं.

ब्रॉयनिंग अडसराला धरून भिंतीला टेकून उभे होते. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. माणसं त्यांच्यावर ओरडत होती. ते फक्त काकूंकडे बघत होते.

"मला ऐकायचं होतं," ते म्हणाले. "आतून काय ऐकू येतं ते. क्षणभरच थांबणार होतो. मग हात उचलवेना."

काकू धापा टाकत होत्या. "ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

"हो," ब्रॉयनिंग म्हणाले. "सगळं ऐकू येतं." आणि तो डोंगरासारखा माणूस खाली जमिनीवर बसला.

बँड वाजला नाही. वाईनची पिंपं तशीच राहिली. आई-बापांनी आपापली पोरं उचलली आणि खाली चालायला लागले. आम्हीही निघालो. ईरा मंदारच्या खांद्यावर होती.

वळणावरून मी एकदा मागे पाहिलं. काकू कमानीबाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. हात समोर धरलेले, तळवे वर. काका त्यांच्यासमोर गुडघ्यांवर वाकले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांच्या हातांत घुसलेली लाकडाची कुसळं एकेक करून काढत होते. दर वेळी काकू हात मागे घ्यायच्या, आणि काका तो परत पुढे ओढून घ्यायचे.